इंग्रजी वाक्यात 'खवचटपणे' लिहायचं कसं?

अबोली७७:

नमस्कार मंडळी. एका ठिकाणी अडले आहे. इथे मराठी आणि इंग्रजी दोन्हीत रोज वावरणारी बरीच जण आहेत, म्हणून विचारते.

माझ्या थोरल्या मावशीनं शेवटच्या तीन-चार वर्षांत एका दोनशेपानी वहीत आठवणी लिहून ठेवल्या. १९५८ साली लग्न होऊन ती वाईला एकत्र कुटुंबात गेली, तिथपासून सुरुवात आहे. घरात बावीस माणसं, दोन चुली आणि बोलायला एकेक जण तयारीचा. माझा भाऊ लीड्सला असतो. त्याच्या मुलीला मराठी ऐकून कळतं, वाचता येत नाही. तिच्यासाठी ही वही मी इंग्रजीत उतरवायला घेतली आहे. पहिली साठ पानं झाली, ती तिला पाठवली.

परवा तिचा फोन आला. "आत्या, मावशीआजीशी सगळे इतके वाईट का वागायचे?"

मी गारच पडले. त्या घरानं मावशीला तळहातावर ठेवलं होतं. सासूबाई गेल्या तेव्हा ती सख्ख्या आईसाठी रडावं तशी रडली, ते मी पाहिलंय. मग माझीच पानं पुन्हा काढून बसले आणि पेन्सिलीनं खुणा करत गेले. साठ पानांत 'मॉकिंगली' १९ वेळा, 'सार्कॅस्टिकली' ११ वेळा, 'टॉन्टिंगली' ७ वेळा.

एक उदाहरण देते. नवी नवरी असताना मावशीला एकदा उठायला उशीर झाला. वहीत असं आहे:

'सासूबाई म्हणाल्या, "उठलात का राणीसरकार? चहा माजघरात पाठवू का?" असं म्हणून त्यांनीच माझ्या हातात कप दिला.'

मी लिहिलं होतं: '"आर यू अवेक, क्वीन? शॅल आय सेंड द टी इनसाइड?" माय मदर-इन-लॉ आस्क्ड मॉकिंगली, अँड गेव्ह मी द कप.'

मराठी वाचताना मला सासूबाईंचं हसू दिसतं. इंग्रजी वाचताना माझ्या भाचीला छळ दिसला. शब्दकोशात 'खवचटपणे' आणि 'चेष्टेनं' यांच्यासमोर जे शब्द सापडले तेच मी घातले, तरी असं झालं. या शब्दांत नेमका फरक काय आहे? ते वाक्यात कुठे बसवायचे? आणि मुळात बसवायला हवेत का? मावशीचं बोलणं मला तिच्या नातीपर्यंत जसंच्या तसं पोचवायचं आहे, त्यामुळे जे असेल ते स्पष्ट सांगा.

शब्दवेल्हाळ:

फार चांगला प्रश्न. अनुवादात मी वीसेक वर्षं आहे आणि या शब्दांशी झटापट रोजची आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो.

आधी 'मॉक'. या शब्दाच्या पोटात नक्कल आहे. मॉक टेस्ट म्हणजे परीक्षेची नक्कल, मॉक ड्रिल म्हणजे आगीची नक्कल. अमेरिकेत मॉकिंगबर्ड नावाचा पक्षी आहे, तो इतर पक्ष्यांचे आवाज काढतो. म्हणून 'मॉकिंगली'ला आपल्याकडचा सगळ्यात जवळचा शब्द खवचटपणे नव्हे, तर 'वेडावून' हा आहे. समोरच्याचा आवाज, चाल, शब्द उचलून त्यालाच परत दाखवायचे आणि तो त्यात लहान दिसावा असं बघायचं. कुणी वेडावलं की लहानपणी किती लागायचं ते आठवा. तेवढी धार या शब्दाला आहे.

'सार्कॅझम' त्याहून जहाल घरातला. ग्रीकमध्ये 'सार्क्स' म्हणजे मांस, आणि ज्या क्रियापदापासून हा शब्द आला त्याचा अर्थ मांस ओरबाडणं. आज इंग्रजीत तो थोडा सौम्य झालाय. बोलायचं एक आणि अर्थ उलटा, असा उपरोध त्यात आला. तरी कुणालातरी लागावं हा हेतू असतोच. 'टॉन्ट' म्हणजे डिवचणं. समोरच्यानं चिडावं, काहीतरी करून बसावं, यासाठी केलेलं बोलणं. 'जीअर' म्हणजे हुर्यो. हा शब्द तर मापात बसतो, कारण दोन्हीकडे बहुधा घोळका असतो आणि आवाज मोठा असतो. चहाचा कप हातात देणाऱ्या सासूबाईंना हा शब्द शोभत नाही. 'स्कॉफ' हे माणसापेक्षा म्हणण्यावर जास्त असतं. "हॅ! असं कुठे असतं का?" करून उडवून लावणं. 'स्नीअर' तोंडावर दिसतं, नाक मुरडणं आणि तुच्छता. 'डिराइड'मध्ये लॅटिन 'हसणं' आहे, 'रिडिक्यूल'मध्येही तेच. 'स्नाइडली' म्हणजे कुत्सितपणे, आडून मारलेलं.

आता तुमच्या सासूबाई यांपैकी कशातच नाहीत. त्या 'टीझिंगली' बोलतायत. फिरकी घेतायत. आणि गंमत बघा, 'मॉक' हाच शब्द विशेषण म्हणून वापरला की त्याची धार जाते. 'विथ मॉक रिस्पेक्ट', 'विथ मॉक सॉलेम्निटी'. म्हणजे खोटाखोटा आदर, उगाचची गंभीर मुद्रा. यात खेळ आहे. 'मॉकिंगली'त खेळ नाही. एकाच धातूचे दोन शब्द, पण एक मांडीवर घेतो आणि दुसरा चिमटा काढतो. तुमच्या वाक्यात तेवढा एक बदल केलात तरी सासूबाई हसऱ्या होतील.

भिंगरी:

वाचतेय. 'हुर्यो' बघून बरं वाटलं, किती दिवसांनी दिसला हा शब्द!

खडूफळा:

मी एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, सध्या निवृत्त. जागेबद्दल विचारलंत, ते मी सांगतो, कारण या क्रियाविशेषणांच्या जागेवर मुलांचे गुण जाताना दर वर्षी पाहिलेत.

मराठीत आपण म्हणतो, "त्यानं खवचटपणे माझे शब्द परत म्हटले." क्रियापद शेवटी, त्यामुळे 'खवचटपणे' कर्माच्या आधी आलं तरी बिघडत नाही. "त्यानं माझे शब्द खवचटपणे परत म्हटले" हेही चालतं. मूल इंग्रजी लिहिताना क्रियापद पुढे आणतं आणि बाकीची रांग मराठीचीच ठेवतं: 'ही रिपीटेड मॉकिंगली माय वर्ड्स.' हे चूक. इंग्रजीत क्रियापद आणि त्याचं कर्म यांची गाठ घट्ट असते, त्यांच्यामध्ये कुणी बसत नाही. एक तर 'ही मॉकिंगली रिपीटेड माय वर्ड्स', नाही तर 'ही रिपीटेड माय वर्ड्स मॉकिंगली.' कर्म फारच लांबलचक असेल, म्हणजे त्याच्या पोटात आणखी एक वाक्य असेल, तरच मध्ये बसायची सवलत आहे.

या दोन जागांत सूक्ष्म फरक आहे. शेवटी ठेवलं की भर त्या शब्दावर पडतो, कसं म्हटलं ते ऐकू येतं. क्रियापदाआधी ठेवलं की ते सहज जाता जाता सांगितल्यासारखं होतं. वाक्यात दोन क्रिया असतील तर मात्र सावध राहायचं. 'शी ऑफर्ड टू हेल्प मॉकिंगली' यात वेडावणं कशात आहे, देऊ करण्यात की मदत करण्यात? 'शी मॉकिंगली ऑफर्ड टू हेल्प' लिहिलं की प्रश्न मिटतो.

सगळ्यात मोठा खड्डा वाक्याच्या सुरुवातीला आहे. 'ही थँक्ड देम आयरॉनिकली' म्हणजे त्यानं उपरोधानं त्यांचे आभार मानले. तोच शब्द पुढे आणा: 'आयरॉनिकली, ही थँक्ड देम.' आता अर्थ झाला, दैवाचा खेळ असा की त्यानं त्यांचेच आभार मानले. माणसाचा सूर गेला आणि लिहिणाऱ्याचं मत आलं. सुरुवातीला स्वल्पविराम देऊन ठेवलेलं क्रियाविशेषण बऱ्याचदा सगळ्या वाक्यावर बोलतं. वर्तमानपत्रांच्या इंग्रजीत हे रोज दिसतं आणि आपली मुलं तिथून उचलतात.

एक किरकोळ गोष्ट. 'टोल्ड मॉकिंगली' असं कुठे लिहिलं असेल तर बघा. 'टोल्ड'ला कुणाला ते सांगावं लागतं. 'सेड'ला चालतं.

अबोली७७:

@खडूफळा सर, 'टोल्ड मॉकिंगली' दोन ठिकाणी सापडलं. दुरुस्त केलं. मनापासून आभार.

@शब्दवेल्हाळ, 'वेडावून' वाचल्यावर डोक्यात लख्ख प्रकाश पडला. 'मॉक'साठी मी शब्दकोशातला पहिला शब्द धरून बसले होते.

रानवारा:

वेगळं मत मांडतो. तिन्ही क्रियाविशेषणं काढूनच टाका. अमेरिकन कादंबरीकार एल्मोर लेनर्ड यांनी २००१ साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेखनाचे दहा नियम लिहिले होते. त्यातला एक असा की 'सेड' या क्रियापदाला क्रियाविशेषण कधीही जोडू नका. संवाद नीट लिहिला असेल तर सूर संवादातूनच कळतो, आणि कळत नसेल तर संवाद दुरुस्त करा. 'उठलात का राणीसरकार' यात सूर आहेच. तुमच्या इंग्रजीत तो गेला कारण 'आर यू अवेक, क्वीन' हे मेलेलं वाक्य आहे, आणि मेलेल्या वाक्यात जीव आणायला 'मॉकिंगली' घालावं लागलं.

शब्दवेल्हाळ:

@रानवारा, निदान बरोबर आहे, औषध थोडं कडक आहे. 'कधीही' हा शब्द मला पटत नाही. "छान केलंस" हे दोन शब्द घ्या. आई शाबासकी देताना म्हणते तेच, आणि दुधाचं पातेलं सांडल्यावर म्हणते तेच. छापलेल्या कागदावर दोन्ही सारखीच दिसतात. आजूबाजूला पातेलं दिसत नसेल तर वाचकाला काहीतरी द्यावं लागतं.

रानवारा:

मग पातेलं दाखवा ना! क्रियाविशेषण हा पातेलं न दाखवण्याचा मार्ग आहे.

तळेगावकर:

माझं पोट सबटायटलवर चालतं, म्हणून तिसरी बाजू सांगतो. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी आम्ही सबटायटल करतो. तिथे चेहरा दिसतो, ओठ हलताना दिसतात, शब्द वाचता येतात, पण सूर पोचत नाही. अशा वेळी 'सार्कॅस्टिकली' असं कंसात लिहावं लागतं, दुसरा इलाज नसतो. बीबीसीच्या सबटायटलच्या नियमांत यासाठी खूण ठरवलेली आहे. उपरोधाच्या विधानानंतर कंसात उद्गारचिन्ह, उपरोधाच्या प्रश्नानंतर कंसात प्रश्नचिन्ह. एवढ्याशा खुणेनं पूर्ण वाक्य उलटतं. मराठी नाटकाच्या संहितेतही '(खवचटपणे)' असतंच की, पण ते नटासाठी. नट ते बघून सूर लावतो आणि प्रेक्षकापर्यंत शब्द पोचत नाही, सूर पोचतो. गोष्ट वाचणाऱ्याला मध्ये नट मिळत नाही. त्याला कंसातला शब्दच गिळावा लागतो. तुमच्या भाचीचं तेच झालं असावं.

सूर दाखवायला चिन्ह हवं ही ओरड जुनी आहे. इंग्लंडमध्ये हेन्री डेनहॅम नावाच्या मुद्रकानं १५८० च्या दशकात उत्तर नको असलेल्या प्रश्नासाठी आरशात दिसावं तसं उलटं प्रश्नचिन्ह छापून पाहिलं. १८९९ साली फ्रान्समध्ये आल्कांतर द ब्राम यांनी उपरोधासाठी वेगळं चिन्ह सुचवलं. दोन्ही टिकली नाहीत.

भिंगरी:

आपल्याकडे अवग्रह आहे की! "होऽऽ का?" एवढं लिहिलं की पुढचं सगळं ऐकू येतं. इंग्रजीत मुलं २०१७ पासून एक लहान एक मोठं अक्षर असं लिहून वेडावतात. देवनागरीत लहान-मोठी अक्षरंच नाहीत, पण ऽ एकटाच सगळं काम करतो.

खडूफळा:

@रानवारा, तुमच्या बाजूनं एक जुना पुरावा देतो. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात एलीया (इंग्रजीत एलायजा) हा संदेष्टा बआल नावाच्या देवाच्या पुजाऱ्यांना म्हणतो, मोठ्यानं हाका मारा, देवच आहे तो. बोलण्यात गुंतला असेल, नाहीतर कशाच्या मागे लागला असेल, प्रवासाला गेला असेल, किंवा झोपला असेल, उठवायला हवं. चारशे वर्षांनी वाचतानाही त्यातली टोचणी जाणवते. तिथे क्रियाविशेषण नाही. 'एलायजा मॉक्ड देम, अँड सेड', एवढंच आहे. क्रियापदानं काम झालं, बाकीचं संवादानं केलं.

पण क्रियापदाचाही अतिरेक होतो. 'नाइस शूज, ही स्नीअर्ड' असं लिहितात. स्नीअर हे तोंडाचं वळण आहे, बोलण्याची क्रिया नव्हे. डार्विननं १८७२ साली भावनांच्या आविष्कारावर जे पुस्तक लिहिलं त्यात हे वळण नीट वर्णन केलंय. वरचा ओठ एकाच बाजूनं उचलला जातो आणि त्या बाजूचा सुळा दिसतो. आरशासमोर करून बघा आणि तसंच ठेवून बोलायचा प्रयत्न करा. म्हणून मी मुलांना 'ही सेड विथ अ स्नीअर' लिहायला सांगायचो. सुळा आणि बोलणं दोन्ही आपापल्या जागी राहतात.

कृष्णाकाठ:

सगळे 'मॉकिंगली'च्या मागे आहेत, पण मला वाटतं अबोलीताईंची खरी अडचण दुसरीकडे आहे. मराठीत टोमण्याचा सूर वाक्याच्या आतच शिवलेला असतो. 'म्हणे' हा एक शब्द घ्या. "ते मोठे गवई आहेत" आणि "ते म्हणे मोठे गवई आहेत." दोनच अक्षरं आली आणि गवयाची सगळी बैठक मोडली. "काय तर म्हणे", "आला मोठा शहाणा", "वा रे वा", "अस्सं?" ही सगळी आपली खवचटपणाची क्रियाविशेषणंच आहेत, फक्त ती बोलणाऱ्याच्या तोंडात असतात. इंग्रजीत नेताना आपण ती टाकून देतो, शब्दांचा सांगाडा नेतो आणि मग सूर गेला म्हणून बाहेरून 'मॉकिंगली' चिकटवतो. इंग्रजीलाही आतली शिवण येते. ती शोधायला हवी.

'म्हणे'ला इंग्रजीत 'अपॅरंटली' जवळचा आहे. 'ही इज अ ग्रेट सिंगर, अपॅरंटली.' वाक्याच्या शेवटी ठेवायचा, तिथे तो बरोबर बसतो. 'सपोझेडली'ही चालतो, पण तो जरा कोर्टकचेरीतला वाटतो.

दुसरी युक्ती शेपटीच्या प्रश्नाची. शाळेत आपल्याला शिकवलं की वाक्य होकारी तर शेपूट नकारी. 'यू आर अ पोएट, आरन्ट यू?' हे सरळ विचारणं झालं. पण इंग्रजी माणूस टोमणा मारताना दोन्ही होकारी ठेवतो: 'सो यू आर अ पोएट, आर यू?' म्हणजे "अच्छा, म्हणजे आपण कवी म्हणे!" पुढचं 'सो' आणि मागचं सरळ शेपूट यांत सगळा सूर आला. क्रियाविशेषण जोडायला जागाच उरत नाही.

खडूफळा:

@कृष्णाकाठ, हे मी वर्गात कधी शिकवलं नाही याची हळहळ वाटते. पाठ्यपुस्तकात होकारी-नकारी हा एकच नियम असायचा आणि 'आर यू' लिहिलेल्या मुलाला आम्ही चूक द्यायचो. व्याकरणाच्या मोठ्या ग्रंथांत हा प्रकार आहे. संशय, उपरोध, टोमणा यांसाठीच तो येतो.

सातासमुद्रा:

मी इंग्लंडमध्ये, मिडलंड्स भागात, अठ्ठावीस वर्षं आहे, दोन मुली इथेच वाढल्या. भाचीच्या प्रश्नावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझ्या धाकटीला आजीनं एकदा फोनवर विचारलं, "काय मॅडम, आम्हाला विसरलात का?" मुलगी दोन दिवस गप्प. आजी रागावली असं तिला वाटलं. आपल्याकडे लहानाला अहोजाहो केलं की ते लाड असतात. 'उठलात का महाराज', 'जेवणार का साहेब' हे रागानं क्वचित म्हणतात. 'तुम्ही'ची ही गंमत इंग्रजीत 'यू'मध्ये मावत नाही.

पण इंग्रजांकडे याला समांतर पद्धत आहे, मी ती शेजारच्या आजींकडून ऐकली. त्या नातवाशी थेट बोलत नाहीत. त्याच्या समोरच, तो तिथे नसल्यासारखं त्याच्याबद्दल बोलतात: 'इज हिज लॉर्डशिप रेडी फॉर हिज ब्रेकफास्ट?' आपण द्वितीय पुरुषाचं अनेकवचन करून खेळतो, ते तृतीय पुरुष करून खेळतात. 'राणीसरकार'ला म्हणून 'हर मॅजेस्टी' घ्या, फक्त संबोधन करू नका. 'सो हर मॅजेस्टी इज अप.' इथे वाढलेल्या कुठल्याही मुलीला यातली माया कळेल. 'लेडी मक' असाही एक शब्द इथे ऐकू येतो, पण तो घेऊ नका. तो आगाऊ, तोरा मिरवणाऱ्या बाईसाठी आहे, त्यात माया नाही.

शब्दवेल्हाळ:

@सातासमुद्रा, वा! तृतीय पुरुषाचं निरीक्षण माझ्या वहीत टिपून ठेवलं.

पाटीपेन्सिल:

एक शंका. 'अभ्यास-बिभ्यास' यातला 'बि' पण टोमणाच ना? तो कसा नेता?

कृष्णाकाठ:

@पाटीपेन्सिल, दर वेळी नाही. "चहा-बिहा घेणार का?" यात फक्त 'वगैरे' आहे, उलट आग्रह आहे. "अभ्यास-बिभ्यास काही करतोस की नाही?" यात चिमटा आहे. चिमटा असेल तिथे अमेरिकन इंग्रजीत 'श्म' लावून होतं, 'होमवर्क-श्मोमवर्क' असं. ते यिडिशमधून, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतून, तिकडे आलं. पण ते फक्त उडवून लावायलाच वापरतात, चहाच्या आग्रहाला नाही. आणि वाईतल्या सासूबाईंच्या तोंडी न्यूयॉर्कचं बोलणं मी घालणार नाही.

अबोली७७:

गेले चार दिवस या धाग्यावर वाचत होते आणि बाजूला पानं उघडी ठेवून दुरुस्त करत होते. काय झालं ते लिहिते.

राणीसरकारचं वाक्य आता असं आहे: '"सो हर मॅजेस्टी इज अप. शॅल वी सेंड हर टी इन टू हर?" सेड माय मदर-इन-लॉ, अँड पुट द कप इन माय हँड्स.' क्रियाविशेषण नाही. हे वाक्य घडवताना एक गोष्ट लक्षात आली आणि ती मला बोचली. सूर सांगणारी वस्तू मावशीनं स्वतःच लिहून ठेवली होती, तो कप. 'त्यांनीच' या शब्दातला 'च' पण त्यासाठीच होता. टोमणा मारणाऱ्या बाईनं स्वतः उठून चहा आणून दिला होता. मी आधीच 'मॉकिंगली' म्हणून निकाल लावला आणि त्यामुळे कपाकडे कुणी बघितलंच नाही. @रानवारा, पातेलं दाखवा म्हणालात ते हेच.

मग उरलेल्या सगळ्या जागा तशाच तपासल्या. प्रत्येक टोमण्यानंतर मावशीनं काहीतरी लिहिलेलं आहे. "गवई म्हणे!" म्हणणाऱ्या दिरानं संध्याकाळी पेटी दुरुस्त करून आणली. "आम्ही अडाणी, बाई" म्हणणाऱ्या जाऊबाई रात्री तिच्याकडून पाढे शिकायला बसल्या. तिथे आता एक 'टीझिंगली' आहे, दोन 'विथ मॉक सॉलेम्निटी', एक 'अपॅरंटली', आणि शेपटीचे प्रश्न तीन. बाकी सगळीकडे नुसतं 'सेड'.

पण एक 'मॉकिंगली' ठेवलं. तो प्रसंग मुद्दाम लिहिते. घरात एक चुलत सासरे होते. मावशीचं शिक्षण चौथीपर्यंत, सासरी आल्यावर ती वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून वाचनाचा सराव करायची. एकदा 'प्रजासत्ताक'वर अडखळली. वहीत एवढंच आहे: 'मामंजी ओसरीवरून म्हणाले, "प्र. प्रजा. प्रजास." पुन्हा म्हणाले. मग त्या दिवसापासून मी मनात वाचू लागले.' त्यापुढे कप नाही, पेटी नाही, काही नाही. पुढचं वाक्य थेट दिवाळीचं आहे.

इथे मी लिहिलं: 'ही रिपीटेड इट आफ्टर मी, मॉकिंगली, अँड देन अगेन.'

रानवारा:

इथे ठेवायला हरकत नाही. खरं तर 'रिपीटेड इट' आणि 'अगेन' असताना त्याची गरज किती, असं मी म्हटलं असतं. पण बाकी सगळीकडून काढल्यावर हे एकच उरलंय, तर त्याला वजन आलंय.

शब्दवेल्हाळ:

आणि शब्दशः वेडावणंच आहे ते. हा शब्द याच कामासाठी आहे. राहू द्या.

खडूफळा:

जागाही योग्य आहे. कर्म आधी, मग दोन स्वल्पविरामांच्या मध्ये तो शब्द. वाचणारा तिथे क्षणभर थांबेल.

अबोली७७:

काल रात्री दुरुस्त पानं पाठवली होती. आज सकाळी भाचीचा फोन आला. सासूबाईंबद्दल, दिराबद्दल, जाऊबाईंबद्दल भरभरून बोलली. 'हर मॅजेस्टी'वर खूप हसली, म्हणाली की तिच्या घरी उशिरा उठल्यावर भाऊ तिला असंच काहीतरी म्हणतो. मग थोडा वेळ गप्प राहिली आणि विचारलं, "आत्या, ते ओसरीवरचे आजोबा. ते मात्र खरंच वाईट होते ना?"

हो म्हटलं.